लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) स्वतः रँडम आकडे बनवतो, मग बूट होताना ते फर्मवेअरकडून, म्हणजे मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरकडून, का मागतात? आणि त्यावर भरवसा ठेवावा का?

कारण नुकताच उठलेला कर्नल कफल्लक असतो. इंटरप्ट (हार्डवेअरने दिलेली हाक) नेमका कधी आला, डिस्कला किती वेळ लागला, या बारीकसारीक अनिश्चिततेवर त्याची पुंजी जमते, आणि पहिल्या क्षणी त्यातलं काहीच घडलेलं नसतं. मी एकदा कीबोर्ड नसलेल्या एका छोट्या बोर्डावर ५.४ च्या आधीचा कर्नल चढवला होता. पिंगला उत्तर येई, पण एसएसएच (दुरून लॉगिन) काही लागेना. सिरियल केबल जोडली तेव्हा कळलं की एसएसएचडी, म्हणजे लॉगिन देणारा सर्व्हर, गेटरँडमपाशी (कर्नलकडे रँडम आकडे मागणाऱ्या कॉलपाशी) ताटकळत बसलाय. लॉगमध्ये ‘सीआरएनजी इनिट डन’ (रँडम आकड्यांचा जनरेटर तयार) उमटलं आणि लगेच लॉगिन मिळालं.

थांबला हे बरंच म्हणायचं. पुंजी नसताना एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवल्या की काय होतं ते २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं: राउटरसारख्या उपकरणांच्या आरएसए किल्ल्यांमध्ये मूळ संख्या सामायिक निघाल्या, आणि नुसता मसावि काढून टीएलएस (‘https’मागचं एन्क्रिप्शन) वापरणाऱ्या ०.५ टक्के यजमानांच्या खाजगी किल्ल्या हाती लागल्या.

यूईएफआयमध्ये, म्हणजे आजच्या पीसी फर्मवेअरच्या मानकात, यासाठी रँडम आकडे देणारा आरएनजी प्रोटोकॉल आहे. लिनक्सचा ईएफआय स्टब (कर्नलच्या आधी फर्मवेअरमध्ये चालणारा छोटा भाग) त्याच्याकडून ३२ बाइट घेतो आणि एका टेबलात ठेवून कर्नलच्या हवाली करतो. हे एक्झिटबूटसर्व्हिसेसच्या, म्हणजे फर्मवेअरच्या बूट सेवा बंद करणाऱ्या कॉलच्या, आधीच उरकावं लागतं, कारण त्यानंतर तो प्रोटोकॉल हाकेला ओ देत नाही. तुमच्या ‘बूट होतानाच का’चं उत्तर हे.

आता भरवसा. आकडे पुंजीत मिसळणं वेगळं आणि ‘पुंजी भरली’ असं मानणं वेगळं. मिसळताना ब्लेक२एस हॅश (सगळं एकत्र घुसळणारं गणिती फंक्शन) वापरतात, त्यामुळे फर्मवेअरने कचरा दिला तरी आधी जमलेलं वाया जात नाही. धोका आहे तो कचऱ्याला पुंजी मानण्यात. २०१९ मध्ये काही एएमडी प्रोसेसरांची आरडीरँड ही रँडम आकडे देणारी सूचना दर वेळी सगळे बिट १ देत होती, वर ‘यशस्वी’ असंही कळवत होती! शंका असेल तर कर्नलच्या कमांड लाइनवर ‘रँडम.ट्रस्ट_बूटलोडर’ ऑफ करा. आकडे मिसळले जातील, पण जमेत धरले जाणार नाहीत. मी स्वतः ते चालूच ठेवतो.

सगळ्याच फर्मवेअरमध्ये हा प्रोटोकॉल नसतो. सिस्टमडी-बूट हा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) म्हणून ईएफआय पार्टिशनवर स्वतःची सीड फाइल, म्हणजे सुरुवातीच्या रँडम आकड्यांची फाइल, ठेवतो आणि दर बूटला ती बदलतो. इमेज क्लोन करणार असाल तर ‘लोडर’ फोल्डरमधली ती फाइल आधी उडवा, नाहीतर सगळ्या प्रतींना तीच सीड मिळेल.