चेंगदूमध्ये सासूबाईंचा वेळ कसा जाईल?

नवऱ्याच्या बदलीमुळे तुम्ही चेंगदूला राहायला जाणार आहात, सोबत सासूबाई आहेत, आणि एवढ्या मोठ्या चिनी शहरातले रोजचे जगणे बाहेरच्या माणसाला कसे वाटते, असे तुम्ही विचारले आहे. मी २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठाण्याहून मुलाकडे जाऊन तेथे सहा आठवडे राहिले. तो सकाळी कामावर जाई आणि रात्री आठनंतर परते, त्यामुळे मी पाहिलेले शहर हे दिवसाचे शहर आहे. आणि दिवसाचे चेंगदू वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असते. तुम्हाला काळजी सासूबाईंची वाटत असेल, पण माझ्या मते घरात सर्वांत आधी त्याच रुळतील.

संपूर्ण चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचे. चेंगदू बरेच पश्चिमेला असल्यामुळे नोव्हेंबरात तेथे उजाडायला साडेसात वाजतात, आणि उजाडले तरी आकाश बहुधा करडेच असते. सिचुआन प्रांताच्या पर्वतांनी वेढलेल्या या खोलगट भागात ऊन इतके दुर्मीळ, की सूर्य दिसला की तेथील कुत्री भुंकतात, अशी एक जुनी चिनी म्हण आहे. म्हणूनच ज्या दिवशी ऊन पडते त्या दिवशी सगळे शहर घराबाहेर येऊन बसते. २०२० च्या जनगणनेनुसार २ कोटींहून अधिक वस्तीचे हे शहर, पण अशा दुपारी पीपल्स पार्क या उद्यानात बसले असता तेथे कोणाला घाई आहे असे वाटत नाही.

या उद्यानात तळ्याकाठी हेमिंग नावाचे जुने चहाघर आहे. बांबूच्या खुर्च्या, ठेंगणी टेबले, आणि प्रत्येकासमोर बशी, पेला व झाकण असा तीन भागांचा संच. पेल्यात मोगऱ्याच्या वासाचा चहा असतो. तरंगणारी पाने झाकणाने बाजूला सारत तो घोट घोट प्यायचा, आणि झाकण बशीला टेकवून ठेवले की आणखी पाणी हवे असे समजायचे. एकदा पैसे दिले की दिवसभर बसा, कोणीही उठवत नाही. शेजारी पत्त्यांचा किंवा माहजाँगचा डाव रंगलेला असतो, आणि कान कोरून देणारे कारागीर हातातला चिमटा छेडून त्याचा बारीक नाद करत टेबलांमधून फिरत असतात. भाषेचा एक शब्द येत नसताना मी तेथे कितीतरी दुपारी बसले आणि मला एकदाही परके वाटले नाही. ज्या शहरात म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा आहे, त्या शहराबद्दल माझे मत तेवढ्यानेच चांगले होते.

खाण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगते. पहिल्याच आठवड्यात मंडईत एका पोत्यातली तांबूस, फुटलेली फळे मी नाकाशी धरली आणि मला थेट मालवणचे माहेर आठवले. तो वास तिरफळाचा होता. सिचुआनी मिरी म्हणतात ती हीच. ती आणि आपले तिरफळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीतल्या दोन जाती आहेत. आपण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालताना बी टाकून साल ठेवतो, तेही तसेच करतात. फरक इतकाच, की आपल्याकडे चार-सहा तिरफळे पुरतात आणि तेथे मूठमूठ पडते, त्यामुळे ओठ आणि जीभ अक्षरशः बधिर होतात. या बधिरपणाला ते ‘मा’ म्हणतात, तिखटाला ‘ला’, आणि दोन्ही मिळून ‘माला’. सासूबाई शाकाहारी असतील तर जपावे लागेल, कारण फरसबीच्या कोरड्या भाजीतही बहुधा डुकराच्या मांसाचा खिमा असतो. ‘वो छी सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे वाक्य पाठ करून ठेवा. वनशू मठातले भोजनगृह मात्र निर्धास्त आहे, तेथे कांदा-लसूणही नसतो. वनशू हे मंजुश्री बोधिसत्त्वाचे चिनी नाव.

संध्याकाळी सात वाजले की चौकात, मॉलसमोर, इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत स्पीकर लागतो आणि बायकांच्या रांगा नाचू लागतात. इतक्या बायकांना रोज वेळ कसा मिळतो, याचे मला नवल वाटे. त्याचे एक कारण असे, की कामगार स्त्रिया तेथे ५० व्या वर्षी निवृत्त होत आल्या आहेत. २०२५ पासून हे वय हळूहळू वाढवायला सुरुवात झाली आहे. शिवाय आईबाप उशिरापर्यंत कामावर असल्याने नातवंडांना शाळेतून आणणे, जेवू घालणे हे आजी-आजोबांकडेच असते, आणि नाच हा त्यानंतरचा त्यांचा स्वतःचा तास. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी तिसऱ्या दिवशी माझे मनगट धरून मला मागच्या रांगेत उभे केले. नंतर एकही संध्याकाळ मी चुकवली नाही.

तरुणांचे आयुष्य मात्र मला ओढाताणीचे वाटले. माझ्या मुलाच्या वयाची मुले रात्री नऊला मेट्रोत उभ्या उभ्या पेंगताना पाहून वाईट वाटे.

आता अडचणी. रोख पैसे सहसा कोणी वापरत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच अलीपे हे फोनवरून पैसे देण्याचे अ‍ॅप घेऊन त्याला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा; २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा शुल्क पडत नाही. घरच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालते. पोहोचल्यापासून २४ तासांत पोलीस ठाण्यात राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, ते काम टाळू नका. आणि सासूबाईंना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: तेथे वाहने उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे. विजेच्या स्कूटरींचा आवाज येत नाही. मी पहिल्या आठवड्यात दोनदा थोडक्यात वाचले.

त्यांच्यासाठी चांगल्या झाकणाचा एक थर्मास न्या. स्टेशनवर, विमानतळावर, सगळीकडे प्यायला गरम पाणी फुकट मिळते, आणि थर्मास हातात असलेली बाई तेथे पाहुणी दिसत नाही.