ई-सायकलची मोटर, वॉरंटी आणि 6 ऑगस्टची मुदत

नाशिकच्या एका वाचकांनी 20 मे 2023 रोजी पुण्यातल्या दुकानातून मिड-ड्राइव्ह मोटरची (म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी बसवलेल्या मोटरची) ई-माउंटन बाइक घेतली, 3 लाख 40 हजारांना. मोटरवर दोन वर्षांची वॉरंटी. 6 ऑगस्ट 2023 च्या रविवारी अंजनेरीच्या चढावर मोटर बंद पडली. 11 ऑगस्टला दुकानात जॉब कार्ड (दुरुस्तीला दिल्याची नोंद) झालं, आयातदाराकडून नवी मोटर येऊन बसायला नोव्हेंबर उजाडला. ती मोटर 12 जानेवारी 2025 ला गेली. मग चार महिने ‘विषय वरिष्ठांकडे पाठवला आहे’ असे मेल, आणि 30 मे 2025 ला उत्तर: मोटरमध्ये पाणी शिरलंय, ते वॉरंटीत बसत नाही, शिवाय वॉरंटी 19 मे रोजी संपली आहे. वाचक विचारतात, ‘आता वकिलाची नोटीस पाठवून महिनाभर वाट पाहावी, असं मित्र सांगतात. तसं करू का? आणि पूर्ण पैसे परत मिळतील का?’

नमस्कार,

महिनाभर थांबू नका. आज जुलैची पंधरा तारीख उलटली आहे आणि तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत.

तुम्ही वॉरंटी कार्डाचे फोटो पाठवलेत, त्यात ‘पाणी शिरल्यास जबाबदारी नाही’ या ओळीखाली लाल पेनानं दोनदा रेघ मारली आहे. तुमचं सगळं लक्ष त्या ओळीवर खिळलंय. त्या ओळीशी भांडता येईल, त्याबद्दल पुढं लिहिते. पण तुमच्या केसचा निकाल त्या ओळीवर लागणार नाही, तारखेवर लागेल. गेल्या काही महिन्यांत मला आलेल्या ई-सायकल आणि ई-स्कूटरच्या पत्रांपैकी बहुतेकांत हेच दिसतं: माणूस कंपनीशी वर्ष-दीड वर्ष मेलामेली करतो, आणि वकिलाकडं येतो तेव्हा मुदत संपलेली असते किंवा संपत आलेली असते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 सांगतं, की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. आता तुमच्या बाबतीत कारण कधी घडलं? तुम्ही म्हणाल 30 मे 2025 ला, कंपनीनं हात वर केले तेव्हा. मीही ग्राहक आयोगापुढं तसं म्हणून पाहीन. दुसरी मोटर जानेवारीत बंद पडली, तेव्हा वॉरंटी चालू होती, त्यामुळं 12 जानेवारी 2025 पासून मोजायलाही चांगला आधार आहे. पण समोरचा वकील काय म्हणणार ते ऐका. सायकलमध्ये मुळातच दोष होता असं तुमचं म्हणणं असेल, तर तो दोष पहिल्यांदा दिसला 6 ऑगस्ट 2023 ला; दोन वर्षं तिथून मोजा. 6 ऑगस्ट 2025, बुधवार. जॉब कार्डावरची 11 तारीखही धरून बसू नका. मोटर सहालाच बंद पडली होती आणि त्या दिवशीचा फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकला आहे.

जानेवारीपासून मुदत मोजता येते तर ऑगस्टची घाई कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण पहिला बिघाड हातातून गेला, तर तुमच्याकडं उरतं काय ते बघा. वीस महिने वापरलेल्या सायकलची मोटर एकदा बंद पडली, आणि त्या वेळच्या जॉब कार्डावर पाणी मारून धुतल्याचा शेरा आहे. यातून फार तर एक मोटर मिळेल. पहिला बिघाड मुदतीत घेतला तर चित्रच पालटतं: नव्या कोऱ्या सायकलची मोटर तीन महिन्यांच्या आत गेली, कंपनीनं स्वतः बदलून दिलेली दुसरीही चौदा महिन्यांत गेली. पहिल्या वेळी तर पाण्याचं नावही कुणी काढलं नव्हतं, कंपनीनं मुकाट्यानं मोटर बदलली. पैसे परत मागायचे असतील तर त्याचा पाया हा पहिला बिघाड आहे. मुदत गेल्यावर तो इतिहास म्हणून सांगता येईल, त्याच्या जोरावर मागणं करणं मात्र फार अवघड होईल.

आणि ते मेल. जानेवारी ते मे तुम्ही कंपनीला लिहीत राहिलात, कंपनी ‘वरिष्ठांकडे’ म्हणत राहिली. नुसत्या पत्रव्यवहारानं मुदत वाढत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तुम्ही तक्रार नोंदवलीत, चांगलं केलंत, पण त्यानंही मुदत थांबत नाही. भारतीय स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, की तक्रार दाखल करून घेण्याआधी ती मुदतीत आहे की नाही हे आयोगानंच पाहिलं पाहिजे. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण मुदतीचं कलम त्याच शब्दांत नव्या कायद्यात आलं आहे. विलंब माफ करण्याची सोय कलम 69 मध्येच आहे, त्याला पुरेसं कारण दाखवावं लागतं. ‘कंपनी आज करू, उद्या करू म्हणत होती’ हे कारण काही आयोग ऐकून घेतात, काही घेत नाहीत. ज्याच्या हातात अजून तीन आठवडे आहेत, त्यानं त्या भरवशावर राहू नये.

म्हणून नोटिशीचं उत्तर असं: या कायद्याखाली तक्रारीआधी नोटीस देणं बंधनकारक नाही. द्यायची तर उद्याच सात दिवसांची द्या. आणि उत्तर येवो न येवो, 1 ऑगस्टच्या शुक्रवारपर्यंत तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर चढलेली असू द्या. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसला किंवा शपथपत्राचं एक पान कमी निघालं, तर मला कुणाशी भांडता येणार नाही. तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येते. बिलाच्या मागं ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ असं छापलंय म्हणून घाबरू नका, तक्रारदार राहतो तिथं तक्रार करण्याचा हक्क कलम 34 नं दिला आहे. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं फीही नाही.

आता पाण्याकडं येते. दुसऱ्या जॉब कार्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलंय, ‘चढावर मोटर कट होते, एरर येतो.’ त्याच्या खाली उरलेल्या बारीक जागेत, काळ्या शाईत, वेगळ्या वळणाच्या अक्षरात: ‘प्रेशर वॉश’. मग तुमची सही, निळ्या शाईत. हा फोटो दुकानानं तुम्हाला मेलवर पाठवलेल्या प्रतीचा आहे. त्या दिवशी तुमच्या हातात दिलेली पिवळी कार्बन प्रत कुठं आहे? ‘घरात कुठंतरी असेल’ असं तुम्ही लिहिलंय. साडेतीन लाखांची वस्तू आणि तिचा सगळ्यात मोलाचा कागद घरात कुठंतरी! आज रात्री घर उलथंपालथं करा, पण तो शोधा. पिवळ्या प्रतीवर ते दोन शब्द नसतील तर ते नंतर घुसडले गेले, आणि कंपनीच्या बचावातली हवाच निघून जाईल. असतील, तर तुम्ही ते वाचून सही केलीत असं धरलं जाईल आणि मला दुसऱ्या वाटेनं जावं लागेल.

ती दुसरी वाट अशी. वॉशिंग सेंटरच्या पंपाचा झोत क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) सीलवर थेट मारला तर पाणी आत जाऊ शकतं, हे खरं आहे. पण सील मुळात सदोष असेल तर पाणी पावसातही जातं, चिखलातही जातं. माउंटन बाइक म्हणून विकलेली सायकल पावसाळ्यात डोंगरावर जाणारच. त्यामुळं ‘आत पाणी सापडलं’ एवढं कंपनीनं म्हणून पुरत नाही. ते तुमच्या चुकीनं गेलं हे तिनं दाखवावं, असं मी मांडीन. आयोग ते सगळंच्या सगळं मान्य करील याची हमी नाही. कंपनीच्या जाहिरातीत सायकल चिखलातून किंवा ओढ्यातून जाताना दाखवली असेल, तर ती पानं तारखेसकट आजच जतन करून ठेवा. खटला सुरू झाला की अशी पानं बदलतात.

हा वाद नुसत्या शब्दांनी मिटत नाही, मोटर तपासावी लागते. बॉश, शिमानोसारख्या मोठ्या उत्पादकांच्या मिड-ड्राइव्ह मोटरी दुकानात उघडून दुरुस्त करत नाहीत, आख्खं युनिटच बदलतात आणि जुनं परत पाठवून देतात. तुमची पहिली मोटर अशीच गेली, तुम्ही विचारलंही नाही. दुसरी अजून सायकलमध्ये आहे आणि सायकल दुकानात आहे. दुकान आणि आयातदार दोघांना आजच लिहा, की मोटर उघडू नये, हलवू नये, परत पाठवू नये. तक्रारीसोबत अंतरिम आदेशाचा अर्जही देऊ. कलम 38 खाली आयोग सदोष वस्तू योग्य प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो आणि अहवालाला 45 दिवसांची मुदत आहे. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

मोटरचा डेटा हाही पुरावाच आहे. दुकानदार लॅपटॉपला जोडून एरर, किलोमीटर, मोटरचा नंबर हे सगळं वाचतो. त्याची प्रिंट लेखी मागा. मात्र त्याआधी मला एक खरं सांगा: ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढंही मोटरची मदत मिळावी म्हणून एखादी चिप किंवा डोंगल कधी बसवलं होतं का? बसवलं असेल तर वॉरंटी तर जातेच, शिवाय 0.25 किलोवॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग या मर्यादेत राहिल्यामुळं ई-सायकलला नोंदणीतून जी सूट मिळते, तीही धोक्यात येते. ही गोष्ट उलटतपासणीत समोरच्याकडून कळण्यापेक्षा आत्ता तुमच्याकडून कळलेली बरी.

पैशांबद्दल. तुम्ही पूर्ण किंमत आणि मानसिक त्रासाचे दहा लाख मागायचं म्हणता. दहा लाखांचा आकडा काढून टाका, त्यानं तक्रारीचं वजन कमी होतं. पूर्ण किमतीबाबत मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा हा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निकाल आपल्यासमोर ठेवला जाणार. तिथं गाडीचा क्लच सदोष होता, पण तेवढ्यासाठी आख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश न्यायालयानं टिकू दिला नाही आणि 50 हजार रुपये देववले. कंपनी म्हणेल, तुमचीही एक मोटरच गेली. आपलं उत्तर: वॉरंटीप्रमाणं भाग बदलून झाला, तरीही दोष गेला नाही. यासाठीच मला ऑगस्टमधला बिघाड मुदतीत हवा आहे. मागणी मी अशी लावीन: किंमत परत, ते नाही तर नवी मोटर आणि तिच्यावर पूर्ण नवी वॉरंटी, आणि सायकल दुकानात पडून राहिली त्या महिन्यांची भरपाई. वॉरंटी कार्डात बदललेल्या भागाला उरलेलीच मुदत मिळते असं कलम आहे, म्हणून ‘नवी वॉरंटी’ हे शब्द मागणीत स्पष्ट लिहावे लागतात.

तक्रारीत ‘उत्पादन दायित्व’ हे शब्द घालू नका, इंटरनेटवरचे नमुने ते सर्रास घालतात. सदोष वस्तूमुळं माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेल्या हानीसाठी ती तरतूद आहे, वस्तूचं स्वतःचं झालेलं नुकसान तिच्यात धरलेलंच नाही. तुमची तक्रार वस्तूतल्या दोषाची आणि सेवेतल्या त्रुटीची आहे. दुकान आणि आयातदार दोघांना विरुद्ध पक्ष करा. मोटर बनवणारी परदेशी कंपनी ओढून आणलीत तर समन्स बजावण्यातच वर्ष जाईल. बिल तुमच्या स्वतःच्या नावावर आहे की फर्मच्या जीएसटी नंबरावर, ते मात्र कळवा. फर्मच्या नावावर असेल तर व्यापारी खरेदीचा, म्हणजे तुम्ही कायद्यानं ‘ग्राहक’च नाही असा, आक्षेप येईल आणि त्यावर वेगळं बोलावं लागेल. दुकानदाराशी बोलणं बहुतेक व्हॉट्सॲपवर झालंय, तेव्हा चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडू.

किती वेळ लागेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कायद्यात तपासणीशिवाय तीन महिने आणि तपासणी असेल तर पाच महिने लिहिलेत. हे आकडे कागदावरच राहिले आहेत. आयोगांवरच्या जागा रिकाम्या पडून राहतात म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोक हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, याचा मला मनापासून संताप येतो. एका गोष्टीत मात्र कायदा ताठ उभा आहे: नोटीस मिळाल्यापासून 30 आणि वाढवून आणखी 15 दिवसांत कंपनीनं लेखी उत्तर दिलं नाही, तर तो हक्क जातो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं यावर शिक्कामोर्तब केलं आहे. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून चार महिने मेलला टोलवाटोलवी करणारा आयातदार आयोगाची नोटीस हातात पडल्यावर फोन करतो.

तो फोन आला तर बोला, मध्यस्थीलाही हो म्हणा. पण तडजोडीचं पत्र मला दाखवल्याशिवाय सही करू नका. नवी मोटर बसवून देताना ते ‘ग्राहक पूर्ण समाधानी, यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं छापील पत्र पुढं करतात, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सायकल ताब्यात घेताना तुम्ही तशाच एका कागदावर सही केली आहे. त्याची प्रत त्यांच्या फायलीत असणार. तुमच्याकडं नसेल तर दुकानाकडून मागून घ्या, आणि बिल, दोन्ही जॉब कार्डं आणि 30 मे चा मेल यांच्यासोबत या आठवड्यात माझ्याकडं पोचवा.