नव्या गाडीचे इंजिन पहिल्या हजार किलोमीटरमध्ये कसे वापरावे?

गाडी घेताच नागपूरहून समृद्धी महामार्गाने शिर्डीला दर्शनाला न्यावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिले 1000 किलोमीटर तरी तो बेत पुढे ढकलावा. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून नीट बसायच्या असतात आणि त्यासाठी इंजिनावरील भार कमी-जास्त होत राहणे आवश्यक असते, तर महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालवल्यास नेमके तेच घडत नाही. त्यापेक्षा रामटेक किंवा काटोलपर्यंत गिअर बदलत, वेग कमी-जास्त करत फेऱ्या माराव्यात. पेट्रोल इंजिन साधारण 3000 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आत ठेवावे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नये; मात्र फार जपून, कमी वेगात वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवत चालवणेही तितकेच वाईट, हे बरेच जण विसरतात. मे महिन्यात एसीसाठी गाडी उभ्या जागी चालू ठेवण्याचा मोह आपल्याकडे होतोच, तोही टाळावा. ऑइलची पातळी अधूनमधून तपासावी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी.