शाळेची टाकी, शौचालयाचा खड्डा आणि वेच्याचे दिवस : वाचकांचे प्रश्न

गावची शाळा आणि तिच्याभोवतीची गावकामं यांबद्दल नागपूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : शाळेच्या सिमेंटच्या टाकीत (२ मीटर लांब, दीड मीटर रुंद, आत मीटरभर पाणी) रोज टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग) पावडर टाकतो. तरी पावसाळ्यात मुलांची पोटं बिघडतात. कधी कधी वास इतका येतो की मुलं त्या पाण्याला तोंडच लावत नाहीत. – शिक्षिका, मौदा तालुका

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असावं : पावडर कोरडी आणि अंदाजाने टाकली जाते. अशी पावडर तळाशी बसते आणि सगळ्या पाण्यात मिसळत नाही. मग एक दिवस नळाला क्लोरीन नसतंच, दुसऱ्या दिवशी नको तितकं येतं.

तुमच्या टाकीत २ × १.५ × १ म्हणजे ३ घनमीटर, अर्थात ३००० लिटर पाणी मावतं. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम लागते, म्हणजे तुम्हाला १५ ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा १५ ग्रॅम तोलून घ्या, ती एखाद्या झाकणात किती भरते ते पाहून झाकणावर खूण करा आणि तेच झाकण रोज वापरा. टाकी अर्धी असेल तर मात्राही अर्धी.

प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घेऊन पावडर कालवा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरून ढवळा. दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. खाली पांढरा चुना बसेल, तो टाकीत जाऊ द्यायचा नाही. फक्त वरची निवळी ओता. त्यानंतर तासभर नळ उघडू नका. मुलं साडेदहाला येत असतील तर हे काम नऊला व्हायला हवं. शाळा भरल्यावर घाईने ओतलं तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

तासाभराने ओटी चाचणी घ्या, म्हणजे थोड्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकून येणाऱ्या पिवळ्या रंगावरून उरलेलं क्लोरीन पाहा. टाकीशी लिटरला सुमारे ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. ओटी द्रावण विषारी असतं. तपासलेलं पाणी फेकून द्या, बाटली मुलांच्या हाती देऊ नका. पिवळा रंग आलाच नाही तर तीन गोष्टी पाहा : पावडर जुनी आहे का, टाकीच्या भिंतीला शेवाळ किंवा बुळबुळीत थर आहे का, पाणी गढूळ आहे का. तिन्हींत क्लोरीन नळापर्यंत पोचण्याआधीच संपतं. उघडं पोतं पावसाळ्यात फार लवकर निकामी होतं. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. पत्र्याचा डबा गंजतो. संडास धुण्याच्या ॲसिडशेजारी तर मुळीच नको, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

सोमवारची गोष्ट वेगळी. शनिवारपासून थांबलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. म्हणून सोमवारी जुनं पाणी झाडांना सोडा, टाकी नव्याने भरा आणि मग मात्रा द्या. मुलं टाकीत ग्लास बुडवत असतील तर वरची सगळी मेहनत वाया. आधी नळ बसवा. आणखी एक : टीसीएल जंतू मारते, फ्लोराईड काढत नाही. पाणी उकळूनही तो जात नाही. बोअरचं पाणी असेल तर ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फ्लोराईडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

प्रश्न : शाळेच्या शौचालयाला दोन शोषखड्डे आहेत. पावसाळ्यात दोन्ही भरतात आणि पाणी उलटं येतं. गवंडी म्हणतो, सेप्टिक टँक बांधा. – ग्रामपंचायत सदस्य, सावनेर तालुका

घाई करू नका. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणीही कुठेतरी मुरवावंच लागतं, आणि तुमच्याकडची काळी माती तेव्हाही तीच राहणार. शिवाय गाळ उपसणारी गाडी बोलवावी लागेल.

आधी दोन खड्ड्यांच्या मधला चेंबर उघडा. खूप ठिकाणी तिथे दोन्ही तोंडं उघडी सापडतात. एका वेळी एकच खड्डा चालू हवा. दुसरं तोंड वीट आणि हलक्या सिमेंटने बंद असायला हवं. दोन्ही एकदम भरले तर बदलायला काहीच उरत नाही. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद राहिला, की आतला मैला सुकून खत होतो आणि कोरडा उपसता येतो.

दुसरं, छपराचं आणि हात धुण्याचं पाणी त्यात जातंय का? जात असेल तर आजच पन्हाळ आणि नाली वळवा, निम्मा त्रास तिथेच संपेल.

एवढं करूनही भागलं नाही तर दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर, खड्डा दुरुस्त करा. काळी माती पावसात फुगून पाणी अडवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बांधकाम सरकवते. म्हणून जाळीदार विटांच्या बाहेरून सगळीकडे ३०० मिलिमीटर जाडीचा वाळू-गिट्टीचा थर भरायचा असतो. गवंड्यांना आतून गुळगुळीत प्लास्टर करण्याची फार हौस असते. इथे तेच नडतं. तळही सिमेंटचा नको. हातपंपापासून किमान १५ मीटर अंतर राखा.

पैशांबद्दल : १५ व्या वित्त आयोगाने (२०२१–२६) ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तुम्ही सदस्यच आहात, तेव्हा नुसत्या अर्जावर थांबू नका. अंदाजपत्रक जोडून विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर घ्या, काम विकास आराखड्यात नोंदलं का ते पाहा आणि ठरावाची प्रत शाळेत ठेवा.

प्रश्न : कापसाचा वेचा सुरू झाला की पाचवी ते सातवीच्या मुली शाळेतून गायब होतात. पालकसभा घेतल्या, उपयोग नाही. – मुख्याध्यापक, काटोल तालुका

सभा दुपारी घेतली असेल तर ज्या आईला ऐकवायचं ती वावरात असते. वेच्याची मजुरी किलोवर, त्यामुळे ती दिवस मोडत नाही.

हजेरीपटावर आजारपण, आठवडी बाजार, वेचा आणि लहान भावंड अशी कारणं वेगवेगळ्या खुणांनी महिनाभर नोंदवा. बहुतेकदा मुलगी कापूस वेचायला नाही, तर धाकट्याला सांभाळायला थांबलेली निघते. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांना मिळतं. खरी अडचण दीड-दोन वर्षांच्या बाळाची आहे. वेच्याच्या मोसमापुरती गावातली एखादी मावशी, मानधन आणि छताची जागा ठरवली तर मुली परततात. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. बैठक मात्र संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर.

बाहेरून मजुरीला आलेल्या कुटुंबांची मुलंही याच दिवसांत दारात येतात. दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. वयानुसार वर्गात बसवा आणि परत जाताना पुढच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड हातात द्या. ही मुलं घरी हिंदी किंवा गोंडी बोलत असतील, तर पहिले काही दिवस बोलक्या मुलाशेजारी बसवणं पाठ्यपुस्तकापेक्षा कामी येतं.

प्रश्न : पोषण आहारात कधी भात उरतो, कधी वरण कमी पडतं. पहिली ते पाचवीचे ६२ विद्यार्थी आहेत. हिशेब कसा धरावा? – बचत गटाच्या सदस्या, कुही तालुका

ताई, पटावर नका जाऊ, हजेरीवर जा. प्राथमिकला एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सगळे ६२ आले तर ६ किलो २०० ग्रॅम तांदूळ, १ किलो २४० ग्रॅम डाळ, ३ किलो १०० ग्रॅम भाजी, ३१० ग्रॅम तेल. पहिलीतलं मूल एवढा भात खात नाही, पाचवीतलं जास्त खातं. म्हणून ताटात आधीच ढीग घालू नका, दुसऱ्यांदा वाढा.

वरण कमी पडतं त्याचं कारण बहुतेकदा न शिजलेली डाळ असते. जड पाण्यात ती गंजात (पातेल्यात) तासभर उकळूनही अख्खी राहते आणि वरण पातळ पाण्यासारखं होतं. आल्या आल्या पहिल्यांदा डाळ भिजत घाला, मग भाजी चिरा. सांबार (कोथिंबीर) वरण उतरवल्यावर घाला, फोडणीत जाळू नका.

तांदळाची पोती फळीवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, आणि जुनं पोतं आधी फोडा. सोंडे झाले तर उन्हात पसरून चाळा. साठ्याच्या खोलीत कीटकनाशक फवारू नका.

प्रश्न : एक कंपनी शाळेला पाच संगणक देऊ करते आहे. घ्यावेत का? – पालक, उमरेड तालुका

घ्या, पण आधी तीन गोष्टी लेखी विचारा : खोलीचं अर्थिंग कोण करून देणार, इन्व्हर्टरची बॅटरी संपली की बदलणार कोण, आणि किती वर्षं दुरुस्ती होणार. तिन्ही उत्तरं नसतील तर पाचऐवजी दोन संगणक आणि बॅटरी मागा.