पाचोळा गेटबाहेर टाकू नका

प्रश्न : आमचं सहकारनगरला जुनं घर आहे. अंगणात आंबा आणि जांभूळ, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा कडुनिंब. महाशिवरात्रीपासून नुसती झाडलोट चालू आहे, मी अगदी दमून जाते. माळीकाका आठवड्यातून एकदा येतात, त्यांची निम्मी हजेरी पाला गोळा करण्यातच संपते. पोती टेम्पोने उचलून न्यायचे पैसे वेगळे. शिवाय दर जूनला चार-पाच पोती खत विकत आणावं लागतं. खर्च आणि कष्ट कुठे कमी करू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, जे खत तुम्ही जूनमध्ये विकत आणता, तेच मार्चमध्ये पैसे मोजून घराबाहेर धाडता आहात. मीही कितीतरी वर्षं हेच करत होते, म्हणून कळकळीनं सांगते, यंदापासून एकही पोतं गेटबाहेर जाऊ देऊ नका.

आधी झाडणं निम्म्यावर आणा. पायवाट, दारापुढची फरशी आणि पावसाळी गटाराचं तोंड एवढंच रोज झाडायचं. झाडांखाली पडलेला पाला तिथेच राहू दे. त्यानं अंगण घाण दिसतं हा आपल्या मनाचा समज आहे, झाडाला तो पाला हवाच असतो. माळीकाकांना सांगा, आंब्याचं आळं बुंध्याला चिकटून नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे करा. त्यात तीन-चार बोटं जाडीचा पाचोळा पसरा आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलीनं साल कुजते. ऊन थेट मातीवर पडत नाही, तणही कमी उगवतं. माझ्या एरंडवण्याच्या अंगणात मोगऱ्याला मे महिन्यात रोज पाणी लागायचं. पाचोळा घालायला लागल्यापासून एक दिवसाआड पुरतं. पाइप धरून उभं राहण्याचा अर्धा तास वाचतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

उरलेल्या पाल्यासाठी बोहरी आळीतून तारेची जाळी आणा, तीन फूट उंच आणि दहा फूट लांब. तिची दोन टोकं तारेनं बांधली की साधारण तीन फूट रुंदीचं गोल पिंजरं तयार होतं. ते सावलीत ठेवा, पण घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटींपासून लांब, म्हणजे वाळवीची काळजी नको. पाला भरा आणि पायानं दाबा. प्रत्येक वीतभर थरावर पाण्यात कालवलेलं शेण शिंपडा. शेण नसेल तर बागेतली दोन-तीन मुठी माती आणि स्वयंपाकघरातली भाजीची देठं-सालं चालतील. आठवड्यातून एकदा पाणी मारा. पाला मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागली पाहिजे, पण पाणी गळता कामा नये.

कडुनिंबाचा पाला लवकर कुजतो. आंबा आणि जांभळाची पानं चिवट, त्यांना वेळ लागतो. वाळलेली असतानाच पोत्यात भरून पायानं तुडवून चुरा केलात तर बरंच लवकर काम होतं. आमच्याकडे फाल्गुनात भरलेलं पिंजरं गणपतीच्या सुमारास चौथाई उरतं, आणि तळाला काळंभोर खत असतं. त्याला पहिल्या पावसानंतरच्या जंगलाचा वास येतो. हे खत हातात घेतल्यावर तुम्हाला पुन्हा कधी पोतं विकत घ्यावंसं वाटणार नाही.

यंदाच्या जूनला हे खत तयार नसेल, तेव्हा या एका वर्षी थोडं विकत घ्यावं लागेल. पाला फारच उरला तर ‘ब्राऊन लीफ’ या पुण्यातल्या उपक्रमाची मदत घ्या. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची गाठ तिथे घालून दिली जाते. गच्चीवर बाग करणारी मंडळी पाल्याची पोती आनंदानं नेतात.

आणखी दोन गोष्टी. काडी लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण पाला जाळू नका. धूर शेजारच्या लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो, शिवाय राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला आहे. आणि ‘पाला नको तर फांद्याच उतरवा’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आपल्या राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे, अशा तोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

प्रश्न : बाणेरला नवा फ्लॅट घेतला आहे, पश्चिमेला मोठी बाल्कनी आहे. पाडव्याला बाग सुरू करायची असं घरात ठरलंय. नर्सरीवाल्यानं कुंड्या, माती आणि रोपं मिळून ८,००० रुपये सांगितले. घ्यावं का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : पाडव्याला जरूर सुरू करा, पण रोपं घेऊ नका. वसंतात लागवड हा थंड मुलखातला रिवाज. आपल्याकडे पाडव्यानंतर लगेच चैत्र-वैशाखाचं ऊन असतं आणि नाजूक मुळांना ते सोसत नाही. एका मार्चमध्ये मी हौसेनं बावीस रोपं आणली होती, मेअखेर त्यातली सहा जगली. जळालेला अनंत उपटताना फार वाईट वाटलं होतं, अजून आठवतं.

सध्या दोन-तीन कुंड्या घ्या. एकीत भेंडी आणि एकीत गवार बियांपासून लावा, दोघींना ऊन मानवतं. घरातल्या डब्यातली चवळी आणि मंडईतल्या जुडीतल्या पुदिन्याच्या काड्या फुकटच आहेत. गवती चहाचा एक ठोंब कुणाकडून तरी मागून आणा, बागवाले लोक नाही म्हणत नाहीत. दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी बांधा. एवढ्यात तुम्हाला बाल्कनीतलं ऊन-वारं कळेल. मग मृग लागला की एक सकाळ काढून उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमध्ये जा आणि हवं ते निवडून आणा. तोवर सोसायटीतला पाचोळा जमवून ठेवा. कुंडीत अर्धा पाचोळा घातला की माती निम्मीच लागते आणि बाल्कनीवरचा भारही हलका होतो.

प्रश्न : मे महिन्यात दहा दिवस कोकणात जायचंय. कुंड्यांना पाणी घालायला माणूस ठेवावा का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : माणसाची गरज नाही. सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा आणि वरून पाचोळा घाला. मोठ्या कुंड्यांसाठी कुंभारवाड्यातून रंग न दिलेली छोटी मडकी आणा, गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाण्यानं भरा आणि वर पणती झाका. लहान कुंड्यांना जुन्या सुती साडीच्या चिंध्यांची वात करा. एक टोक बादलीत, दुसरं मातीत चार बोटं खोल, आणि बादली कुंडीपेक्षा उंचावर. जायच्या आधीच्या आठवड्यात चार दिवस करून बघा. माती कोरडी वाटली तर त्या कुंडीला आणखी एक वात लावा.