सीएसएमटीला रोज उतरतो, पण इमारत कधी नीट पाहिली नाही. अर्धा तास काढला तर काय पाहावं?

सगळे आधी रस्ता ओलांडून घुमटाचा फोटो काढतात. तुम्ही सुरुवात लोकलच्या तिकीटघरापासून करा. या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. वर कमानदार छत, त्यावर निळ्या रंगात सोनेरी चांदण्या. खाली इटालियन संगमरवराचे खांब आणि त्यांच्या माथ्यावर कोरलेली पानंफुलं. तिकीट-पासच्या रांगा आजही याच छताखाली लागतात. काचेआड ठेवलेल्या कुठल्याही वारशापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. रांगेत असाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा, मान वर करा, एवढंच.

तिथून बाहेर या आणि भिंती वाचल्यासारख्या पाहा. इमारतीचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. काम 1878 मध्ये सुरू झालं आणि जवळपास दहा वर्षं चाललं. पण दगडावरचं बरंचसं नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. त्यांचे शिक्षक होते जॉन ग्रिफिथ्स. म्हणून तर युरोपीय गॉथिक वळणाच्या या इमारतीवर मोर पिसारा फुलवून बसलाय, माकडं आहेत, वेलींमधून पक्षी डोकावतात. पावसाचं पाणी बाहेर टाकणारे पन्हळसुद्धा प्राण्यांच्या तोंडाचे आहेत. प्रत्यक्ष बांधकामावर देखरेख करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव हे अभियंते होते. स्टीव्हन्सचं नाव सगळीकडे येतं, यांचं क्वचितच. ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दर्शनी भिंतीवर गोलाकार चौकटींत काही चेहरे कोरलेले आहेत. त्यात जगन्नाथ शंकरशेट शोधा. मुंबईत रेल्वे यावी म्हणून धडपडणाऱ्यांपैकी ते एक, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीशी, सुरुवातीपासून जोडलेले. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला पहिली गाडी सुटली ती इथल्याच बोरीबंदरहून. तेव्हा ही इमारत नव्हती. दानशूर व्यापारी जमशेटजी जीजीभाईही याच भिंतीवरच्या चौकटींत भेटतील.

मग फाटकाकडे जा. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, एक भारताचा. हे थॉमस अर्प यांचं काम. घुमटाच्या टोकावर उभी असलेली स्त्रीही त्यांचीच, ‘प्रगती’ची मूर्ती. तिच्या एका हातात मशाल आहे, दुसऱ्या हाताशी चाक. खालून ती लहान दिसते, पण उंची पाच मीटरच्या आसपास आहे.

घुमट अष्टकोनी, दगडी फासळ्यांचा. असा घुमट बांधताना एरवी खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो. इथे तो न देता बांधला आणि त्या काळी याचं फार कौतुक झालं. त्याच्या खालचा जिना तर पाहायलाच हवा. पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या, दुसऱ्या बाजूला खाली खांब नाही. वर रंगीत काचांमधून उजेड येतो. मात्र हा भाग मध्य रेल्वेच्या मुख्यालयाचा आहे, त्यामुळे असंच आत शिरता येत नाही. रेल्वेचं वारसा संग्रहालय याच इमारतीत आहे. तिथे कामाच्या दिवशी जाऊन वेळ आणि तिकिटाची चौकशी करा. 2004 मध्ये युनेस्कोने स्थानकाला जागतिक वारसा यादीत घेतलं, तरी कार्यालयं पूर्वीसारखीच चालू आहेत.

घुमटाचा फोटो शेवटी काढा, समोरच्या महापालिकेच्या कोपऱ्यावरून. पाठीशी असलेली महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, 1893 मध्ये पूर्ण झालेली. दोन्ही इमारतींचे घुमट आळीपाळीने पाहिले की एकाच माणसाने पाचसहा वर्षांत काय बदललं ते तिथल्या तिथे ताडून पाहता येतं. रविवारी सकाळी गेलात तर वाहनं कमी असतात आणि निवांत उभं राहायला जागा मिळते.