अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये विद्यापीठं सारखी कॉन्फरन्स (म्हणजे आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा गट) का बदलतात? शेवटी दोनच मोठ्या कॉन्फरन्स उरणार का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर टीव्ही. दुसऱ्याचं खाली कुठेतरी देतो.

तुम्ही लिहिलंय की नुकतेच डॅलसला आलाय, ऑफिसात सोमवारी सगळे यावरच भांडतात आणि तुम्हाला एवढंच कळलं की 'मार्केट असेल तिकडे टीम्स जातात'. हे वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की राहवलं नाही, लिहायला बसलो.

मी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे पुलमन गावचा. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, सिॲटल पाचेक तासांवर. साडू युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे, खुद्द सिॲटलचे, पक्के हस्की (त्यांच्या टीमचं नाव). ही दोन विद्यापीठं १९०० पासून एकमेकांशी खेळतायत, त्या मॅचला ॲपल कप म्हणतात. आणि मी त्या घरातला धाकटा जावई, त्यामुळे बोलायची सोय आधीच कमी.

२०२३ ला अधिक श्रावण होता. सासूबाई थोरल्या मुलीकडे सिॲटलजवळ आलेल्या, धोंड्याचा महिना, दोन्ही जावई एकाच राज्यात, मग ४ ऑगस्टला, शुक्रवारी, दोघांना एकत्र जेवायला बोलावलं. मी ट्राय-सिटीजहून सकाळी निघालो तेव्हा बातमी अशी की आमच्या दोघांच्या कॉन्फरन्सच्या, पॅक-१२ च्या, विद्यापीठांचे सगळे अध्यक्ष आज भेटून ॲपल कंपनीच्या टीव्ही-डीलवर सह्या करणार. ते डील काही फार भारी नव्हतं, खात्रीचे पैसे कमी आणि वरचे किती सबस्क्रिप्शन खपतात त्यावर, पण कॉन्फरन्स टिकली असती. मी घाट ओलांडून साडूंच्या घरी पोचून हातपाय धुतो तोवर ऑरेगन आणि साडूंचं वॉशिंग्टन बिग टेन या बड्या कॉन्फरन्समध्ये गेले पण.

आता चित्र बघा. दोन पाट, दोन ताटं, ताटात ३३-३३ अनारसे, वर दिवा. सासूबाईंनी तांदूळ भिजत घालण्यापासून सगळं तिथेच केलेलं, एकही अनारसा हसला नव्हता. आणि माझ्या शेजारी साडू त्यांच्या टीमचा जांभळा टीशर्ट घालून औक्षण करून घेतायत. पुरण वाढेपर्यंत फोनवर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सला गेल्याची बातमी. साडू म्हणाले, "अहो वाईट वाटून घेऊ नका, हे मार्केट आहे. तुमच्या पुलमनमध्ये टीव्ही किती? गहू थोडाच मॅच बघणारे?" सासूबाईंना फुटबॉलमधलं काही कळत नाही, त्यांनी फक्त विचारलं, "पण त्यांनी तुम्हाला आधी सांगितलं होतं का, जातोय म्हणून?" साडूंनी अनारसा उचलला आणि आमच्या बायकांची बोलणी एकदम बंद, कारण त्या दोघी मुळात बहिणी आहेत आणि पुढचे दोन दिवस गाडी कुणाच्या बाजूने जाणार ते दोघींना दिसत होतं.

तर हे 'मार्केट' प्रकरण. १९८४ ला सुप्रीम कोर्टाने टीव्हीचे हक्क एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशभरच्या संघटनेच्या, हातातून काढले, तेव्हापासून ज्याने त्याने आपापली गिऱ्हाइकं बघायची हे ठरलंच होतं. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सला जायचं जाहीर केलं, ३० जून २०२२ ला यूएससी-यूसीएलएने बिग टेन धरलं. इथवर मार्केट म्हणा, लॉस एंजेलिस आहे बाबा, मान्य. आमच्या पॅक-१२ चा कारभारही दिव्य होता हे मी कधीच नाकारलेलं नाही. स्वतःच्या मालकीचं चॅनल काढलं, ते डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीवर कधी गेलंच नाही. पुढे ईएसपीएन हे खेळांचं चॅनल विद्यापीठामागे ३ कोटी डॉलर देत होतं आणि यांनी ५ कोटी मागितले अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. तेवढ्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग १२ ने आपला टीव्ही करार उरकून टाकला आणि आमचे लोक रांगेत मागे पडले.

पण साडूंना मी तेव्हापासून एकच विचारतोय. मार्केटच असेल तर आमच्याच पॅक-१२ मधले स्टॅनफर्ड आणि बर्कली महिनाभर दारोदार का फिरत होते? त्यांचा बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा भाग, काय गव्हाचं शेत आहे? देशातल्या पहिल्या दहा टीव्ही मार्केटमधलं एक आहे ते, तरी शेवटी १ सप्टेंबरला पूर्व किनाऱ्याच्या एसीसी कॉन्फरन्सने घेतलं तेही पहिली सात वर्षं ३० टक्के वाट्यावर. तुमच्या डॅलसचं एसएमयू विद्यापीठ तर त्याच एसीसीत नऊ वर्षं टीव्हीचा पैसा घेणार नाही असं कबूल करून आत गेलं. आणि ज्या वॉशिंग्टनच्या मार्केटचा एवढा डंका, त्यांना बिग टेनने सुरुवातीला साधारण अर्धा वाटा दिला. याला मी मार्केट म्हणत नाही, याला भीती म्हणतात. शेवटी आपणच उरलो तर काय, या धास्तीने जो तो मिळेल त्या भावात सही करून पळाला. मार्केट हे नंतर जेवायला बसल्यावर सांगायचं कारण.

पॅक-१२ मध्ये उरलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट. मग पुढचा तमाशा असा की निघालेल्या दहा जणांना जाईपर्यंत कॉन्फरन्सच्या बोर्डावर मतंही हवी होती, म्हणजे भाऊ बंगल्यात राहायला गेला तरी वाड्याच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडेच. पुलमनजवळच्या कोलफॅक्सच्या छोट्या कोर्टात केस झाली. जाण्याची नोटीस दिली की बोर्डावरची जागा जाते हा नियम यांनीच यूएससी-यूसीएलएला लावला होता, तोच नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी यांना लावला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. त्यानंतर महिनाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर साडूंचे गुड मॉर्निंग बंद होते.

नुकसान झालंच, ते लपवत नाही. चांगली पोरं गेली. आमचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम्स खेळाडू निवडतात तेव्हा, सगळ्यात पहिला निवडला गेला, तो आधी दोन मोसम आमच्याकडे खेळलेला. आणि सगळ्यात वाईट फुटबॉलवाल्यांचं नाही, त्यांना चार्टर विमान असतं. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनी लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला मॅच खेळून यायचं आणि परत येऊन परीक्षा द्यायची, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर बसून यावं.

बाकी 'पुलमनला कोण बघतं' याचं उत्तर मोसमात दर शनिवारी ईएसपीएनच्या 'गेमडे' कार्यक्रमात मागे फडकत असतं, २००३ पासून कार्यक्रम कुठल्याही गावात असो, आमचा झेंडा असतोच, माजी विद्यार्थी एकमेकांना कुरिअर करून पोचवतात. आणि सप्टेंबर २०२४ ला सिॲटलच्या ल्युमेन फील्डवर ॲपल कप झाला, साडूंनीच तिकिटं काढली होती. शेवटी चौथा डाऊन, म्हणजे त्यांचा शेवटचा प्रयत्न, त्यांना गोललाइनला यार्डभर पाहिजे होतं, आमच्या पोरांनी अडवलं. २४-१९. परतताना गाडीत माणूस एक अक्षर बोलला नाही, नुसता वायपर चालू, पाऊस नसताना.

२०२५ ला पुलमनमध्ये ५९-२४ हरलो, हेही लिहून ठेवतो.

आणि हो, प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या पॅक-१२ वाल्यांनीही पुढे तेच केलं. बोईसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट, युटा स्टेट असे पाच माउंटन वेस्ट या छोट्या कॉन्फरन्समधून उचलले, वर पळवण्याचा ठरलेला दंड साडेपाच कोटी डॉलर होतो तर तो बेकायदा आहे म्हणून कोर्टात गेले. मग टेक्सस स्टेटही घेतलं, कारण एनसीएएच्या नियमाने फुटबॉलच्या कॉन्फरन्सला आठ टीम्स लागतात. यावर साडू जे म्हणतात त्याला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही, पण आम्ही उपाशी होतो, ते जेवून उठलेले होते, एवढा फरक मी धरतो.

दुसरा प्रश्न राहिलाच. कागदावर दोनच उरणार नाहीत, कारण प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची विजेतेपदाची बाद फेरी, १२ टीम्सचं झाल्यापासून पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा ठेवलेली आहे, म्हणूनच २०२४ ला माउंटन वेस्टचं बोईसी स्टेट आत आलं. पैशात मात्र बिग टेन आणि एसईसी दोनच आहेत, आजच. २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर, आता ते कोण सहज देणार आणि कोण फी वाढवून देणार ते बघा म्हणजे कळेल.

डॅलसला आहात तर एसएमयूच्या मॅचला जा, फुकटात खेळून पहिल्याच वर्षी प्लेऑफला पोचले. आणि ऑफिसात कुणी मार्केट म्हणालं की त्याला बे एरिया विचारा.

साडू, तुम्ही हे वाचणार हे मला माहितीये. ५९-२४ वर लिहिलंय, खाली परत लिहू नका.